रक्त जास्त, तरी अंगात त्राण नाही

थकवा आला म्हणजे रक्त कमी झालं असणार, हे आपल्या घराघरांतलं पहिलं निदान. मग बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढईतली पालेभाजी आणि मेडिकलमधून आणलेली टॉनिकची बाटली. पुष्कळ बायकांच्या, वाढत्या वयाच्या मुलींच्या बाबतीत हे निदान बरोबरही निघतं. पण एक आजार असा आहे, की त्यात रक्त गरजेपेक्षा जास्त असतं आणि तरीही माणूस जिना चढून आल्यावर कुलपाला किल्ली लावायच्या आधी दोन मिनिटं भिंतीला टेकून उभा राहतो. त्या आजाराचं नाव पॉलिसायथेमिया व्हेरा. डॉक्टर त्याला पीव्ही म्हणतात, आपणही तेच म्हणू. हा लेख पीव्ही असलेल्यांसाठी आणि त्याहून थोडा जास्त त्यांच्या घरच्यांसाठी आहे, कारण टॉनिकची बाटली आणणारे बहुधा घरचेच असतात. प्लेटलेट वाढण्याचा इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया हा याच कुळातला आजार; तो असलेल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आजार जुनाच आहे. १८९२ मध्ये पॅरिसच्या वाकेझ यांनी आणि १९०३ मध्ये ऑस्लर यांनी त्याचं वर्णन केलं. पण त्याचं मूळ हाती लागायला २००५ साल उजाडलं. हाडांच्या मगजात रक्तपेशी तयार करणाऱ्या मूळ पेशीत जॅक-२ नावाच्या जनुकात बिघाड होतो आणि 'आता पुरे' हा निरोप त्या पेशी ऐकेनाशा होतात. पीव्हीच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांत हा बिघाड सापडतो. तो सहसा आई-वडिलांकडून येत नाही, आयुष्यात कधीतरी घडतो. त्यामुळे 'आमच्या घराण्यात तर कुणाला नाही' या वाक्यातून काही निष्पन्न होत नाही. वैद्यकशास्त्र पीव्हीला रक्ताच्या कर्करोगांच्या गटात धरतं. हा शब्द ऐकून अनेकांच्या पायाखालची जमीन सरकते, पण नीट उपचार चालू असलेली माणसं या आजारासह वर्षानुवर्षं, अनेकदा दशकानुदशकं नोकरी-संसार करतात. प्रश्न त्या वर्षांतल्या रोजच्या दिवसांचा आहे, आणि रोजच्या दिवसांना दोन तक्रारी सर्वांत जास्त पोखरतात: थकवा आणि डोकेदुखी.

या दोन तक्रारी आपण एका दमात सांगतो, 'थकवा येतो आणि डोकं दुखतं'. माझ्या मते इथेच घोळ सुरू होतो. त्यांची कारणं बरीचशी वेगळी, उपाय वेगळे आणि घाईही वेगळी. डोकेदुखी ही पुष्कळदा बातमी असते. ती वेळेवर पोचवायची असते. थकव्याचा आधी उगम शोधायचा असतो आणि मग जो उरेल त्याच्याशी जमवून घ्यायचं असतं. म्हणून डोक्यापासून सुरुवात करू.

डोकं जड आहे, की काही सांगतंय?

पीव्हीत रक्त दाट होतं, आणि वाढलेल्या, जास्त चिकट झालेल्या प्लेटलेटमुळे बारीक रक्तवाहिन्यांत अडथळा येतो. त्यातून येणारी डोकेदुखी बहुतेक रुग्णांच्या ओळखीची होते: डोकं भरल्यासारखं, चेहरा लालबुंद, कानात आवाज, कधी डोळ्यांपुढे काही मिनिटं चमकत्या नागमोडी रेषा. काहींच्या पायांची बोटं किंवा तळवे लाल होऊन आग होते. रक्त फार दाट होऊ नये म्हणून पीव्हीच्या उपचारात अधूनमधून रक्त काढतात; ती तारीख जवळ आली की हे वाढतं आणि रक्त काढलं की 'डोकं हलकं झालं' असं लोक सांगतात. असा मेळ दिसत असेल तर तो डॉक्टरांना जरूर सांगा, कारण त्यावरून पुढची तारीख अलीकडे घ्यावी का, हे ठरू शकतं.

इथे एक आकडा पाठ असलेला बरा: ४५. हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तातली किती टक्के जागा तांबड्या पेशींनी व्यापली आहे ते. आपल्याकडच्या पुष्कळ लॅबच्या रिपोर्टवर तो पीसीव्ही या नावाने छापलेला असतो. इटलीत ३६५ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा हिमॅटोक्रिट ४५ च्या खाली ठेवला, त्यांच्या तुलनेत तो ४५ ते ५० च्या दरम्यान राहिलेल्यांत मोठ्या गुठळ्या आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांनी येणारे मृत्यू मिळून जवळपास चौपट निघाले. म्हणजे '४७ आहे, दोनच तर जास्त आहे' असं म्हणून पुढच्या महिन्यावर ढकलायची ही गोष्ट नव्हे. लॅबच्या छापील, पुरुषांच्या 'नॉर्मल' रकान्यात ४७ बसतो, म्हणून काउंटरवरचा माणूस 'सगळं नॉर्मल आहे' म्हणेल. तो रकाना निरोगी माणसासाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

पीव्हीच्या बहुतेक रुग्णांना कमी मात्रेतलं, ७५ किंवा १०० मिलिग्रॅमचं ॲस्पिरिन दिलेलं असतं. ते गुठळी रोखण्यासाठी असतं. बारीक रक्तवाहिन्यांमुळे होणारी डोकेदुखी आणि बोटांची आगही त्याने अनेकदा शमते. म्हणून गोळी चुकते आहे का, हे आधी पाहा. पण डॉक्टरांनी दिलेली नसेल तर ती स्वतःहून सुरू करू नका. प्लेटलेट १० लाखांच्या वर गेल्या की काहींच्या रक्ताची गोठण्याची ताकद उलट कमी झालेली असते आणि अशा वेळी ॲस्पिरिनने रक्तस्राव होऊ शकतो.

डोकं दुखलं की पर्समधली किंवा ड्रॉवरमधली गोळी घेण्याच्या सवयीबद्दल थोडं कडक बोलायला हवं. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असतं. ते रोजच्या ॲस्पिरिनबरोबर पोटात गेलं की जठरातून रक्तस्रावाचा धोका वाढतो, शिवाय ॲस्पिरिनचं गुठळी रोखण्याचं कामही अडू शकतं. डायक्लोफेनॅकनेही पोटाला तोच धोका. डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिनच, फक्त मात्रा मोठी. साध्या डोकेदुखीला, यकृत ठीक असेल तर, पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरं. तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस कोणतीही साधी वेदनाशामक गोळी घेतली जात असेल, तर ती गोळीच नवी डोकेदुखी तयार करू शकते.

औषधांमुळेही डोकं दुखतं, हे पुष्कळांना कुणी सांगितलेलंच नसतं. प्लेटलेट कमी करणारं अनाग्रेलाइड सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत डोकेदुखी आणि छातीत धडधड अगदी सर्रास दिसते. इंटरफेरॉनच्या इंजेक्शननंतर फ्लूसारखी कणकण, अंगदुखी, डोकेदुखी येते. म्हणून ते रात्री झोपण्याआधी घ्यायला सांगतात. रक्सोलिटिनिब या औषधानेही काहींचं डोकं दुखतं, चक्कर येते. यातलं काहीही स्वतःच्या मनाने बंद करू नका. मात्रा हळूहळू वाढवणं, वेळ बदलणं, औषध बदलणं असे मार्ग डॉक्टरांपाशी असतात.

आणि सगळी डोकेदुखी पीव्हीची नसते. रक्तदाब, चष्म्याचा बदललेला नंबर, आईकडून आलेली अर्धशिशी, चुकलेला सकाळचा चहा ही कारणं तुम्हालाही लागू आहेतच. रक्तदाबाचं यंत्र घरी ठेवा. पीव्हीत रक्तदाब वाढलेला असणं नेहमीचं आहे आणि दोन्ही मिळून मेंदूवरचा धोका वाढवतात. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखत असेल आणि घरचे तुमच्या घोरण्याची तक्रार करत असतील, तर झोपेत श्वास अडकतो का, याची तपासणी करून घ्या.

आता हा परिच्छेद घरातल्या सर्वांनी वाचायचा. तोंड एका बाजूला वाकडं होणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, जीभ अडखळणं, एका डोळ्यापुढे अचानक अंधार, आयुष्यात कधी झाली नाही अशी एकाएकी उठलेली डोकेदुखी, फिट येणं. यातलं काहीही दिसलं की १०८ ला फोन. दुसरा एक प्रकार सावकाश येतो: दिवसेंदिवस वाढत जाणारी, आडवं झालं किंवा खोकला आला की जास्त होणारी डोकेदुखी, सोबत उलट्या किंवा धूसर दिसणं. मेंदूतल्या शिरेत गुठळी असेल तर असं होतं, आणि 'पित्त झालंय' म्हणून त्यात चार दिवस सहज निघून जातात. त्यातही थेट रुग्णालयच गाठायचं. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य 'यांना पीव्ही आहे' हेच हवं. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तेवढ्यात कांदा हुंगवणं, व्हॉट्सॲपवर वाचून बोटांना सुई टोचणं, ॲस्पिरिनची जादा गोळी तोंडात घालणं हे प्रकार करू नका. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर ती गोळी घात करेल. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरी जायचंच. ती मोठ्या झटक्याची आगाऊ सूचना असू शकते.

टॉनिकची बाटली परत का द्यायची

आता थकवा. या आजारांच्या रुग्णांना विचारलं तर सर्वांत जास्त सांगितली जाणारी तक्रार हीच. झोप झाली तरी तो जात नाही, आणि सोबत डोक्यात धुकं आणतो: नाव आठवत नाही, हिशेब दोनदा करावा लागतो, वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागतं. बिघडलेल्या पेशी शरीरात दाहाचे रासायनिक संदेश सतत सोडत राहतात, हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं. ज्यांना ताप आल्यावरचं गळून जाणं आठवतं त्यांना हे समजेल, फक्त इथे ताप नसतो आणि दिवस संपत नाही.

पण सगळा दोष आजाराच्या माथी मारण्याआधी शोधाशोध करायची, कारण थकव्याची काही कारणं काढून टाकता येतात. पहिलं कारण खुद्द उपचारातच आहे. रक्त काढायचं म्हणजे बहुधा ३५० ते ४५० मिलिलिटर. एवढ्या रक्ताबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह निघून जातं. शरीरात साठवलेलं लोह पुरुषात सुमारे १ ग्रॅम आणि बाईत त्याहून बरंच कमी. म्हणजे चार-पाच वेळा रक्त काढलं की साठा संपला. लोह नसेल तर मगज तांबड्या पेशी मनसोक्त बनवू शकत नाही, म्हणून डॉक्टर हे होऊ देतात. पण लोहाची ही कमतरता स्वतःच थकवा आणते. शिवाय नखं ठिसूळ होतात, ओठांचे कोपरे फाटतात, रात्री पाय सतत हलवावेसे वाटतात, काहींना माती, खडू, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खावासा वाटतो.

अशा वेळी ओळखीचे फॅमिली डॉक्टर रिपोर्टमधलं, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ७ पाहून, पीव्ही लक्षात न घेता, लोहाच्या गोळ्या लिहून देतात. त्यांनी शिकलेलं ते बरोबरच आहे, पण पीव्हीत भुकेल्या मगजाला लोह मिळालं की हिमॅटोक्रिट झपाट्याने उसळतो आणि गुठळीचा धोका घेऊन येतो. म्हणून लोह द्यायचं की नाही, किती आणि किती दिवस, हे फक्त तुमच्या रक्तविकारतज्ज्ञांनी ठरवायचं. काही वेळा ते थोडं, सतत तपासण्या करत देतात. काही वेळा रक्त काढणं कमी करून दुसरं औषध सुरू करतात. 'वारंवार रक्त काढल्यामुळे मला हा थकवा येतोय का, दुसरा मार्ग आहे का?' हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. बाटलीवरची बारीक अक्षरंही वाचा. अनेक मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह असतं, लोहासव आणि मंडूर भस्मातही असतं. ताटातल्या पालक-मेथीची मात्र धास्ती नको. बीट आवडत असेल तर खुशाल खा.

बी-१२ ची गंमत वेगळी आहे. शाकाहारी माणसांत ते कमी असणं नेहमीचं, पण पीव्हीत त्याला वाहून नेणारं प्रथिन वाढतं, त्यामुळे रिपोर्टमधला आकडा मोठा दिसतो. तो पाहून 'माझं बी-१२ मस्त आहे' असा आनंद करण्यात अर्थ नाही आणि घाबरण्यातही नाही.

याशिवाय तपासायच्या गोष्टी: थायरॉइड (इंटरफेरॉन घेणाऱ्यांनी तर हमखास), साखर, हायड्रॉक्सियुरिया या औषधाची मात्रा जास्त होऊन खरोखरच कमी झालेलं हिमोग्लोबिन, रात्री दरदरून घाम येऊन मोडणारी झोप आणि मनाची उदासी. शेवटच्या गोष्टीबद्दल आपण बोलत नाही. इंटरफेरॉनने नैराश्य येऊ शकतं, आणि 'सकाळी उठावंसंच वाटत नाही' याचं कारण दर वेळी रक्तात नसतं. अंघोळीनंतर उठणारी खाजही झोप आणि शक्ती खाते. कोमट पाणी, अंग टिपून कोरडं करणं, आणि दिवाळीतल्या कढत अभ्यंगस्नानाला रजा.

हे सगळं करूनही जो थकवा उरतो तो उरतोच. त्याच्याशी भांडून उपयोग नाही. टँकर आठवड्यातून एकदाच येणार हे माहीत असलेली गावातली बाई पाणी जसं वापरते, तशी शक्ती वापरावी लागते. तुमचे चांगले तास कोणते हे पंधरा दिवसांत कळतं. बहुतेकांचे सकाळचे असतात. ते भांडी घासण्यात घालवू नका. बँकेचं काम, अवघड फोन, मुलाचा अभ्यास तेव्हा. कणीक मळताना स्टूल घ्या. लग्नाला जायचंय तर आदल्या दिवशी फराळाचे डबे भरायचे नाहीत. थोडं बरं वाटलेल्या दिवशी सगळं घर आवरून काढायचा मोह होतो आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात, हे पुन्हा पुन्हा घडतं. बरं वाटलेल्या दिवशीही घड्याळ लावून थांबा. दुपारची झोप अर्ध्या तासाची, तीही चारच्या आत.

आणि चाला. दमलेल्या माणसाला चालायला सांगणं क्रूर वाटतं, हे मान्य. पण बिछान्यात पडून स्नायू झिजतात आणि थकवा आणखी वाढतो. दहा मिनिटं, घराजवळ, रोज. आठवड्याने दोन मिनिटं जास्त. योगासनं चालतील, मात्र प्लीहा वाढलेली असेल तर पोटावर दाब देणारी आसनं आणि डोकेदुखी असताना शीर्षासन नको.

उपवास, ऊन आणि पाळी

पाणी कमी पडलं की रक्त आणखी दाटतं. हरतालिकेचा निर्जळी उपवास पीव्हीत करू नये, असं मी स्पष्ट म्हणेन. एकादशी करायचीच तर पाणी, ताक, फळं चालू ठेवून. विदर्भातला मे महिना, वारीतलं चालणं, जुलाब-उलट्यांचा दिवस या वेळी तहानेची वाट न पाहता पाणी प्यायचं. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर किती, ते विचारून. रातराणीने बारा तासांचा प्रवास असेल तर दर थांब्यावर उतरून पाय मोकळे करा. तंबाखू, मिश्री, सिगारेट सुटायलाच हवी. सिगारेटने तर हिमोग्लोबिनही वाढतं.

घरात गणपती आहे, सत्यनारायण आहे, म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्याकडे चणे-फुटाण्यांसारख्या मिळतात. त्यातल्या नेहमीच्या गोळीचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याचा कल वाढतो. पीव्ही असलेल्या मुलीने किंवा बाईने ती रक्तविकारतज्ज्ञांना न विचारता घेऊ नये, मग पूजा कितीही मोठी असो. संततिनियमनाच्या गोळ्यांनाही हेच लागू.

रक्त काढायच्या दिवशी न्याहारी करून, भरपूर पाणी पिऊन जा, आणि झाल्यावर लगेच गाडी चालवू नका. तो दिवस आणि जमल्यास दुसरा दिवस हलक्या कामाचा ठेवा. 'एवीतेवी काढताच आहात, तर रक्तदान तरी करा' असं शेजारी म्हणतील. पीव्हीच्या रुग्णाचं रक्त दुसऱ्याला देत नाहीत, एवढं सांगून विषय संपवा.

नोकरीच्या ठिकाणी अडचण अशी, की तुम्ही आजारी दिसत नाही. उलट गाल लाल, चेहरा तजेलदार. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत रक्ताचे तीन आजार आहेत: हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल. पीव्ही त्यात नाही, म्हणजे त्या प्रमाणपत्राच्या जोरावर काही मागता येत नाही. मग उरतो सरळ संवाद. वरिष्ठांना आजाराची सगळी कथा सांगायची गरज नाही. 'दर काही आठवड्यांनी माझी एक प्रक्रिया असते, त्या दिवशी रजा लागेल आणि अवघड कामं मला सकाळी द्या' एवढं, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. 'थकवा येतो' या दोन शब्दांपेक्षा अशा नेमक्या मागणीला होकार मिळण्याची शक्यता जास्त असते.

डॉक्टरांकडेही नेमकंच बोलायचं. या आजारांसाठी जगभर दहा प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली वापरतात. थकवा, लवकर पोट भरणं, एकाग्रता, रात्रीचा घाम, खाज, हाडदुखी वगैरेंना ० ते १० गुण द्यायचे. तिच्यात थकवा आहे, पण डोकेदुखी नाही. म्हणजे तुमची ओपीडी ती प्रश्नावली भरून घेत असली, तरी डोकेदुखीचं तुम्हालाच सांगावं लागेल. साध्या वहीत तारीख, थकव्याला दहापैकी गुण, डोकं दुखलं का, किती वेळ, कोणती गोळी घेतली आणि शेवटचं रक्त कधी काढलं, एवढंच लिहा. भेटीच्या आदल्या रात्री त्यातून तीन ओळी काढून ठेवा. आणि फाइल टेबलावर ठेवतानाच 'आधी डोकेदुखीचं सांगायचंय' असं म्हणा, डॉक्टर रिपोर्ट चाळून 'छान आहे, तीन महिन्यांनी या' म्हणायच्या आत.